रोजचं एक खोटं

सातवर काटा हललाच नाही. "सात आहे का?" टेपमधल्या आवाजानं विचारलं, तिनं "नाही" म्हटलं, आणि कागदावरची रेघ काही घडलंच नसल्यासारखी सरळ पुढे निघून गेली. पालथा घातलेला पत्ता तिनं उचलून पुन्हा पाहिला. सातच होता. छातीभोवती दोन पट्टे, दंडाला एक, डाव्या हाताच्या दोन बोटांना चिमटे अशा थाटात ती तिच्याच खोलीतल्या, एरवी दुसऱ्यांना बसवायच्या खुर्चीत बसली होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते, बाहेरच्या कचेरीत अजून कुणी आलं नव्हतं. बावीस वर्षं ती रोज याच वेळी हे करत आली होती. तीन ते आठ असे सहा पत्ते पिसायचे, त्यातला एक उचलून मनाशी पाहायचा, पालथा ठेवायचा, टेप लावायची. टेपवरचा आवाज एकेक आकडा विचारायचा आणि तिनं सगळ्यांना नाही म्हणायचं. पाच वेळा खरं, एकदा खोटं. खोट्याच्या जागी घामाचा काटा बोटभर उंच चढायचा आणि उतरायचा, मग ती कागदाच्या कडेला तारीख घालायची, स्वतःशीच "चालू आहे" म्हणायची आणि दिवसाला लागायची. शेजारच्या खोलीत खोटं पकडायचं, संगणकावर चालणारं नवं यंत्र आलं होतं आणि तरणी मंडळी त्याच्यावर खूश होती, पण हिला आपले शाईचे चार काटे आणि सरकता कागदच बरा वाटायचा. बावीस वर्षांत यंत्रानं तिला एकही दिवस सोडलं नव्हतं. आज सोडलं. तिनं चिमटे काढले, बोटं पुसली, तारा तपासल्या, चिमटे पुन्हा लावले, पत्ते पिसून पुन्हा एक उचलला. चार निघाला. तीही रेघ सपाट गेली. तेव्हा तिनं उजव्या हातानं किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि डोळे मिटून फरशीवर टाकला. खणकन आवाज झाला, ती दचकली, आणि काटा टुणकन वर गेला. म्हणजे यंत्र चालू होतं. बंद पडली होती ती.

टेपवरचा आवाज तिचाच होता, पण बावीस वर्षांपूर्वीचा. करडा, घाईचा, प्रत्येक आकडा टेबलावर आपटल्यासारखा. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिनं ती टेप भरली होती. त्या बाईला कशाकशाची भीती होती याची यादी करायची तर सकाळ पुरली नसती. वरच्या साहेबाची होती, तान्ह्या मुलीला सासूबाईंकडे टाकून येण्याची होती, नवीन घराच्या ओलीची होती, आणि आपल्याला हे काम जमत नाही हे कुणाच्या तरी लक्षात येईल ही तर पाचवीला पुजलेली. त्या करड्या पोरीनं "सात आहे का?" विचारलं की काटा आपोआप चढायचा. आता साहेब कधीच निवृत्त झाला होता, मुलगी स्वतः आई झाली होती, आणि भिंतीची ओल तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं घालवली होती, निदान तसं तो सांगायचा. नवरा नकाशे काढायचा, निवृत्त झाल्यावर सकाळचा चहा त्याच्याकडे आला आणि तो चहाही नकाशासारखाच काढायला लागला, म्हणजे घाई न करता, कडू होईपर्यंत. आजही कप पुढ्यात ठेवून त्यानं विचारलं होतं, "कसा झालाय?" आणि तिनं पेपरातून मान वर न करता सांगितलं होतं, "छान." मग तिनं विचारलं होतं, "झोप लागली का?" आणि रात्रभर कूस बदलणारा तो गृहस्थ म्हणाला होता, "अगदी गाढ." दोन खोटी आणि एक टोस्ट, एवढ्यावर त्यांची सकाळ गेली तीन वर्षं सुखानं चालली होती. नातेवाइकांत तिच्या कामाची टिंगल ठरलेली. लग्नकार्यात ती दारातून आत आली की नणंद ओरडायची, "वहिनी आल्या रे, आता खरं बोला!" आणि धाकटा दीर मनगट पुढे करून म्हणायचा, "घ्या वहिनी, नाडी बघा, मी खरंच दोनच लाडू खाल्ले." ती हसायची. सगळ्यांना वाटायचं हिला माणूस बघताच कळतं. तिला काहीच कळायचं नाही, पण तसं सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

तिला सुखी वाटायला हवं होतं. वाटतही होतं, खरं सांगायचं तर. खिडकीतून ऊन पायावर येत होतं, कचेरीत पाण्याच्या किटलीचा आवाज सुरू झाला होता, आणि आपल्या आयुष्यात आता साध्या सातानं घाबरावं असं काही उरलेलं नाही ही काही वाईट बातमी नव्हती. पण त्याच सुखाच्या पोटात एक कुसळ टोचत होतं. ज्या सरांनी तिला हे काम शिकवलं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बाई, यंत्राला खोटं कळत नाही. त्याला धास्ती कळते. धास्ती कशाची, ते आपण ठरवायचं." तिनं ते वहीत लिहून घेतलं होतं आणि परीक्षेला आलं नाही म्हणून विसरून गेली होती. मी बिनधास्त खोटं बोलले तर रेघ सपाट. मग कुणी घाबरत घाबरत खरं बोललं तर? तिला एक टंकलेखिका आठवली. आठवली म्हणजे काय, ती कुठे गेलीच नव्हती, चौदा वर्षं याच खुर्चीच्या आसपास होती. विशीची पोर, बोटं इतकी घामेजलेली की चिमटे घसरत होते. कुठल्याशा कचेरीतली एक फाईल सापडत नव्हती. त्या पोरीचे काटे प्रत्येक प्रश्नाला उडत होते आणि फाईलच्या प्रश्नाला जरा जास्त. तिनं अहवालात लिहिलं होतं, उत्तर असत्य असल्याचा संभव. पुढच्या वर्षी ती फाईल एका कपाटाच्या मागे पडलेली सापडली, असं कुणी तरी चहा पिताना सहज सांगितलं. पोरगी तोवर नोकरीवरून गेली होती, कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिला घरी जाऊन जेवण गेलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तिनं पत्ते पिसले होते आणि काटा चढला होता आणि ती "चालू आहे" म्हणाली होती. याची तिला आता लाज वाटली.

अकराला मुद्रितशोधक आला. साठीला टेकलेला, स्वच्छ, शर्टाच्या खिशात लाल आणि निळं अशी दोन पेनं. तो ज्या छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं वाचत होता तिथे शाळांच्या परीक्षांचे पेपर छापले जात, आणि आरोग्यशास्त्राचा पेपर परीक्षेच्या चार दिवस आधी बाहेर फुटला होता. पेपर ज्यांच्या हाताखालून गेला असे चौघे होते. तिघांची तपासणी दोन दिवसांत शेजारच्या खोलीत झाली होती आणि त्यांचे काटे म्हणे गरीब गाईसारखे वागले होते. हा चौथा. छापखान्याच्या व्यवस्थापकानं फायलीबरोबर चिठ्ठी पाठवली होती की हा राहिला आहे, तेव्हा काय ते आजच कळवावं. चिठ्ठीच्या सुरातच निकाल होता. याला दोषी ठरवलं की छापखान्याचं काम भागत होतं, आणि या माणसाचं, एकतीस वर्षांचं, होत्याचं नव्हतं होत होतं.

पट्टे बांधण्याआधी सगळे प्रश्न वाचून दाखवायचे असा नियम असतो, माणसाला अचानक काही विचारायचं नाही. तिनं प्रश्नांचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं चष्मा लावला आणि खिशातलं लाल पेन काढलं. "चालेल ना?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पहिल्या ओळीखाली खूण केली. "इथं 'कोणाचा' लिहिलंय, खाली 'कुणाचा'. दोन्ही बरोबर, पण एका कागदावर एकच ठेवा. 'विश्वासघात'मधला 'श्वा' पुसट उठलाय. आणि हा पाचवा प्रश्न, 'आयुष्यात कधी खोटं बोललात का', यात 'कधी' नको. 'कधी' ठेवलंत तर याचं उत्तर एकच."

"कुठलं?"

"हो."

तिनं मनातल्या मनात कपाळाला हात लावला. तो प्रश्न मुळात त्यासाठीच असायचा. भला माणूसही तिथे अवघडून "नाही" म्हणतो, काटा थोडा चढतो, आणि त्याच्या छोट्या खोट्याची उंची किती हे कळलं की मोठ्याची मोजता येते. जो सरळ "हो" म्हणतो त्याच्याजवळ मोजपट्टीच राहत नाही. "म्हणजे तुम्ही खोटं बोलता?" तिनं विचारलं.

"बोलतो की. आज सकाळीच बोललो. बायकोला सांगून आलोय, दाताच्या डॉक्टरकडे चाललोय." त्यानं कागद परत केला. "तिला उगाच घोर नको."

तिला तो माणूस आवडला, आणि तसं आवडणं तिच्या कामात बसत नव्हतं. तिनं पट्टे बांधले. त्याची बोटं कोरडी होती, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा. कागद सरकायला लागला, शाईचे चार काटे आपापल्या रेघा ओढू लागले, आणि तिनं तिचा कामाचा आवाज काढला. नाव तेच का, वार कुठला, खोलीत दिवा लागलाय का. श्वासाच्या लाटा एकसारख्या येत होत्या. पेपर छापून झाल्यावर कुणाला दाखवला का? नाही. सपाट. पेपराची नक्कल केली का? नाही. सपाट. "आरोग्यशास्त्राचा पेपर तुम्ही फोडलात का?"

"नाही," तो म्हणाला, आणि काटा चढला. बोटभर नव्हे, चांगला तीन बोटं. श्वास मध्येच तुटला, दंडाचा काटा थरथरला. नियमाप्रमाणे तिनं थोड्या वेळानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, मग क्रम बदलून तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तोच डोंगर, त्याच जागी. कालची ती असती तर एव्हाना अहवालाचा कागद पुढे ओढला असता. कालपर्यंत तिला डोंगर म्हणजे खोटं हे सूर्यप्रकाशाइतकं साफ होतं. आज सकाळी ती स्वतः दोनदा खोटं बोलून कोरडी सुटली होती आणि साध्या किल्ल्यांनी तिला पकडलं होतं. त्या डोंगराकडे बघताना तिला पहिल्यांदा वाटलं की हा काय आहे ते मला माहीत नाही. आणि ते वाटलं तेव्हा भीती नाही वाटली, मोकळं वाटलं, बऱ्याच दिवसांनी घरातली एक बंद खिडकी उघडल्यासारखं. तिनं कागद थांबवला. त्याच्या बोटांचे चिमटे काढले नाहीत, पण खुर्ची वळवून त्याच्या समोर बसली. असं करायचं नसतं.

"पेपर कुणाला दाखवला का विचारलं तर तुम्ही शांत. 'फोडला' म्हटलं की तुमचा जीव वरखाली. या शब्दाशी तुमचं काय भांडण आहे?"

लाल पेन त्यानं खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवलं. मग म्हणाला, "पेपर फुटला म्हणतात लोक. मी पेपर फोडला नाही. मी लखोटा फोडला."

आणि मग त्यानं सांगितलं. शेवटचं प्रूफ वाचून झालं की ते लखोट्यात घालून वर लाखेची मोहर करतात आणि सकाळी मशीनवर जाईपर्यंत कपाटात ठेवतात. एकदा मोहर झाली की तो लखोटा मशीनवाल्याशिवाय कुणी उघडायचा नाही. उघडला तर त्याच दिवशी घरी. त्यानं मोहर केली, घरी गेला, जेवायला बसला आणि घास हातातच राहिला. अकराव्या प्रश्नात ऱ्हस्व राहिला होता. "मूळ प्रश्न असा, शीर कापल्यास कोणते प्रथमोपचार कराल. शी दीर्घ. रक्ताची शीर. आणि छापलं काय होतं? शि ऱ्हस्व." त्याचा आवाज आता खरोखर कापत होता. "शिर कापल्यास कोणते प्रथमोपचार कराल! अहो, शिर! डोकं! हजारो पोरं तो प्रश्न वाचणार. काय उत्तर लिहितील?"

ती हसू दाबायला खाली बघायला लागली.

"सकाळी सातला गेलो. कपाटाची एक किल्ली माझ्याकडे असते. लखोटा फोडला, ऱ्हस्वाचा दीर्घ केला, नवा लखोटा, नवी लाख, मोहर. सहा मिनिटं. कुणी पाहिलं नाही. वरच्यांना विचारलं असतं तर चौकशी, सह्या, छपाई दोन दिवस पुढे. म्हणून नाही विचारलं. चूक माझीच होती, मीच सोडली होती." तो थांबला. "हे तुम्ही लिहा, लिहू नका, तुमचं काम आहे. पण लिहिलंत की छापखान्यात एवढंच राहणार, यानं फोडला. काय फोडला, हे मी कुणाकुणाला समजावत फिरू? माझ्या नातीला शाळेत काय सांगणार?"

तिनं फाईल उघडली. बाहेर फुटलेल्या पेपराची छायाप्रत आत होती आणि परीक्षेत वाटलेला छापील पेपरही. अकरावा प्रश्न. छापील पेपरात शीर दीर्घ होती. फुटलेल्या प्रतीत शिर ऱ्हस्व. तिनं दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. त्यानं फुटलेली प्रत उचलली, ती त्यानं अजून पाहिलीच नव्हती, आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. स्वतःवरच्या संशयानं झाला नव्हता तेवढा तो आता संतापला. "हा बाहेर गेला? असा? ही चूक ठेवून?" तो जवळजवळ ओरडला. "बाई, मी पेपर बाहेर दिला असता तर असा दिला असता का?"

ते वाक्य ऐकताच तिला खात्री पटली. कागदावर काय उमटतंय ते बघायचंही तिला सुचलं नाही. कागद थांबलेलाच होता.

तिनं पुन्हा यंत्र सुरू केलं आणि 'फोडला' हा शब्द काढून बाकीचं सगळं विचारलं. पेपर किंवा त्याची प्रत छापखान्याबाहेरच्या कुणाला दिली का, दाखवली का, वाचून दाखवली का, सांगितली का. नाही, नाही, नाही, नाही. रेघा शेवटपर्यंत शहाण्यासारख्या चालल्या. अहवालात तिनं लिहिलं की प्रश्नपत्रिका बाहेर दिली नसल्याचं उत्तर सत्य, की फुटलेली प्रत शेवटच्या दुरुस्तीच्या आधीची आहे, तेव्हा प्रूफ त्याआधी कुणाकुणाच्या हाती होतं ते पाहावं, आणि 'फोडलात का' हा प्रश्न शब्दरचना सदोष असल्यानं रद्द. रद्द हा शब्द लिहिण्याआधी ती अडखळली. लखोट्याचं लिहिलं नाही. सदोष प्रश्न रद्द करणं खोटं नव्हतं, आणि ते पुरतं खरं नव्हतं हेही तिला स्वच्छ कळत होतं. मुद्रितशोधकानं अहवाल वाचायला मागितला. तसं द्यायचं नसतं, तरी तिनं दिला. तो उभ्यानंच वाचत गेला, 'सदोष'शी क्षणभर थांबला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि पुढे वाचलं. मग म्हणाला, "शेवटच्या ओळीत पूर्णविराम राहिलाय." तिनं तो दिला. दारात वळून तो म्हणाला, "आता खरंच दाताच्या डॉक्टरकडे जातो. म्हणजे सकाळचंही खरं होईल."

तो गेल्यावर खोली एकदम रिकामी वाटली. ती त्याच्या खुर्चीत बसली, कशाला ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं, पट्टे बांधले, बोटांना चिमटे लावले, कागद सोडला. पत्ते पिसायला हात पुढे केला तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. व्यवस्थापक होता. त्यानं अहवाल मागवलाच होता, पण त्याला धीर नव्हता.

"बाई, एका शब्दात सांगा. बाहेर त्यानं दिला?"

"नाही." रेघ सपाट.

"अस्सं." त्याची निराशा फोनमधून ऐकू आली. "पण काहीतरी असणार. माणूस आल्यापासून गप्प गप्प होता. नियमाबाहेरचं काही केलं असेल, आमच्यापासून काही लपवत असेल, असं काही निघालं का?"

तिनं टंकलेखिकेची घामेजलेली बोटं पाहिली. एकच क्षण, पण पुरती पाहिली.

"नाही," ती म्हणाली. "काहीही लपवत नाही."

काटा उठला. उठला तो थांबेना, कागदाची वरची कड ओलांडून लोखंडी पट्टीवर जाऊन आपटला आणि टेबलावर शाईचे तीन थेंब उडाले. छातीत धडधडत होतं, कान तापले होते, बावीस वर्षांपूर्वीच्या त्या करड्या पोरीलाही कधी इतकं झालं नव्हतं. फोनमधून व्यवस्थापक "बरं, बरं, आभारी आहे" असं काहीसं म्हणत होता. ती बघत राहिली. इतकी वर्षं पत्त्यांशी आणि सातांशी ती रोज खोटं बोलत आली होती, आणि हे तिचं पहिलं कामाचं खोटं होतं. आतून हसू फुटलं, पट्टे बांधलेले असताना हसल्यामुळे श्वासाचे दोन्ही काटे वेडेवाकडे नाचायला लागले, आणि ते बघून ती आणखीनच हसली. मग तिनं तेवढा कागद फाडला, कडेला तारीख घातली, आणि सवयीनं म्हणाली, "चालू आहे."

घरी नवरा खिडकीशी बसून कुठलासा जुना नकाशा पुसत होता. तिनं पर्समधून कागदाची पट्टी काढून त्याच्यापुढे उलगडली. त्यानं भिंग घेतलं.

"अरे वा. केवढा सुळका. वरचं टोक कुठाय?"

"कागदात मावलं नाही."

"कुणाचा गं?"

"माझा," ती म्हणाली. आणि मग तिनं सगळं सांगितलं, लखोटा, ऱ्हस्व शिर, पूर्णविराम, सगळं. तो शिर ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला. मग तो भिंगातून त्या रेघेचा चढ बघत राहिला. शेवटी उठला, आत गेला, आणि घाई न करता चहा करून आणला.

"कसा झालाय?" त्यानं विचारलं.

तिनं घोट घेतला. नेहमीसारखाच कडू होता. तिनं उगाचच दोन बोटं मनगटावर ठेवून पाहिली. नाडी आपली संथ चालली होती.

"छान," ती म्हणाली, आणि आणखी अर्धा कप मागितला.